ब्लॉक झालेला मोबाईल हाती आला तर

हप्ते, व्याज, कर्जाची परतफेड लिहून झाली, रजिस्टर मिटलं, की मग बैठकीत खरे प्रश्न निघतात. केदारखेडा आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांत आम्ही जातो तेव्हा हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. एखादी बाई पदराआडून मोबाईल काढते आणि हळूच म्हणते, "ताई, हा पोराला रस्त्यात सापडला. चालू होतो, फोटो निघतात, पण सिम घातलं की रेंजच येत नाही. दुकानदार म्हणतो ब्लॉक आहे. याचं काय करायचं?" तर दुसरी म्हणते, "माझा हरवलेला फोन पोलिसांनी परत दिला, पण त्यात माझंच सिम चालंना." आज या दोघींच्या प्रश्नांवर बोलू.

आधी ब्लॉक म्हणजे काय ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्रत्येक मोबाईलला कारखान्यातच एक पंधरा आकडी नंबर मिळतो. त्याला आयएमईआय म्हणतात. आपण दुसऱ्याला सांगतो तो सिमचा नंबर वेगळा. सिम बदलता येतं, हा नंबर फोनला कायमचा चिकटलेला असतो, गाडीच्या चेसिस नंबरासारखा. त्यातले पहिले आठ आकडे कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एकाच फोनचे असतात आणि शेवटचा एक आकडा हिशोब जुळवून बघण्यासाठी असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. खोक्यावर आणि पक्क्या बिलावर ते छापलेले असतात. फोनवर *#०६# दाबलं, म्हणजे स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश, की पडद्यावर दिसतात. बटणाच्या साध्या फोनवरही दिसतात.

फोन हरवला किंवा चोरीला गेला, मालकाने पोलिसांत नोंद केली आणि ब्लॉक करण्याची मागणी केली, की हा नंबर दूरसंचार विभागाच्या एका यादीत जातो. त्या व्यवस्थेचं नाव सीईआयआर. सगळ्या सिम कंपन्या तिला जोडलेल्या आहेत. म्हणून एकदा नंबर यादीत गेला की देशात कुठेही, कुठल्याही कंपनीचं सिम त्या फोनमध्ये चालत नाही. ही सोय पहिल्यांदा सुरू झाली ती आपल्याच राज्यात, मुंबईत, सप्टेंबर २०१९ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत आली आणि मे २०२३ पासून 'संचार साथी' या नावाखाली सगळ्या देशात.

गोंधळ होतो तो इथे. ब्लॉक झालेला फोन मेलेला दिसत नाही. बॅटरी लागते, टॉर्च पेटते, गाणी वाजतात, कुणाच्या वायफायवर व्हिडिओसुद्धा चालतात. फक्त सिमला रेंज मिळत नाही. त्यामुळे घरातल्या माणसांना वाटतं सिमच खराब आहे. मग एकाचं सिम, दुसऱ्याचं सिम, असं घालून बघणं सुरू होतं. आणि हेच करू नका. ब्लॉक फोनमध्ये सिम घातलं की कोणत्या नंबरावरून तो वापरायचा प्रयत्न झाला, ही माहिती पोलिसांपर्यंत जाते. तुमच्या पोराने सहज म्हणून सिम घातलं तरी कागदावर नाव तुमच्या पोराचं लागतं.

आमच्या ओळखीच्या एका गटात असंच झालं. मिरची तोडायला गेलेल्या बाईला बांधावर फोन सापडला. तिने घरी आणून ठेवला, लेकाने त्यात आपलं सिम घातलं, रेंज आली नाही म्हणून काढून टाकलं. आठ-दहा दिवसांनी पोलिसांचा फोन आला. बाई इतकी घाबरली की मोबाईल ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला आणि दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी गटाच्या अध्यक्षांना सांगितलं. मग चार जणी मिळून ठाण्यात गेल्या, कुठे सापडला, कधी सापडला ते सांगितलं आणि फोन जमा केला. लिहून घेतलं, पोच दिली, विषय संपला. फोन ज्या बाईचा होता तिच्या बाळंतपणापासूनचे लेकीचे सगळे फोटो त्यात होते, हे नंतर कळलं.

सरकारने २०२५ च्या शेवटी दिलेले आकडे बघा. देशभरात ४२ लाखांहून जास्त फोन ब्लॉक झाले, सुमारे २६ लाखांचा माग लागला आणि मालकाच्या हातात परत गेले ते ७ लाखांच्या वर. माग लागला म्हणजे फोन कुठे आणि कुणाच्या सिमवर आहे ते कळलं. मग एवढे फोन मधेच का राहतात? काही दुसऱ्या राज्यात जातात, तिथवर जाऊन आणणं पोलिसांना सोपं नसतं. पण आमचं मत विचाराल तर बरेच फोन कुणाच्या तरी घरात कपाटात, कोठीत, गादीखाली पडून असावेत. माणसं सगळी चोर नसतात, भ्यालेली असतात.

तर फोन सापडला की काय करायचं?

पहिली गोष्ट, त्याच दिवशी चार माणसांना सांगा. गटात सांगा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. कुठे सापडला, किती वाजता, रंग कोणता, कव्हर कसं, काच फुटलेली आहे का, हे एका कागदावर लिहा आणि तारीख टाका. आपल्या फोनवर त्याचा पुढून-मागून फोटो काढा. ही पाच मिनिटांची लिखापढी पुढे तुमची ढाल होते.

त्यातलं सिम काढू नका. फोन रिसेट करू नका. लॉक उघडायचा खटाटोप करू नका. बंद पडला असेल तर चार्जिंगला लावा. ज्याचा हरवलाय तो आपल्याच नंबरावर फोन लावून बघत असतो, रिंग वाजली तर उचला. बोलणारा खरा मालक आहे का ते दोन-तीन प्रश्नांत कळतं. पडद्यावर फोटो कुणाचा आहे? कव्हरचा रंग काय? आणि समोर आल्यावर लॉक त्यानेच उघडून दाखवायचं. ओळखीच्या गावचा असेल तर ग्रामपंचायतीत, पोलीस पाटलांसमोर द्या आणि मिळाल्याची सही घ्या. अनोळखी असेल तर सरळ सांगा, भाऊ, ठाण्यात या, तिथेच घ्या.

पण फोन आधीच ब्लॉक झालेला असेल तर रिंग वाजायची वाट बघण्यात अर्थ नाही. त्यावर फोन लागूच शकत नाही. शिवाय मालकाने त्याच नंबराचं नवीन सिम घेतलं असेल तर आतलं सिम केव्हाच बंद पडलेलं असतं. ब्लॉक आहे का हे सिम न घालताही बघता येतं. बऱ्याच टच फोनवर लॉक असतानाही 'इमर्जन्सी' वर दाबून *#०६# करता येतं. मिळालेला पंधरा आकडी नंबर आपल्या फोनवरून मेसेजने पाठवायचा. आधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून तो नंबर, आणि मेसेज १४४२२ वर. उत्तर येतं. काळ्या यादीत असल्याचं आलं की घरी एक रात्रही न ठेवता ठाण्यात जायचं. रेल्वेत किंवा जालन्याच्या स्टेशनवर सापडला असेल तर रेल्वे सुरक्षा दलाकडे द्या. २०२५ पासून तेही या व्यवस्थेला जोडलेले आहेत.

"सापडलेली वस्तू आपली" असं आपण लहानपणी म्हणायचो. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ सापडलेल्या वस्तूबद्दलही बोलतं. मालकाला परत करण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी वस्तू उचलली तर तो गुन्हा नाही. पण मालक कोण हे माहीत असताना, किंवा शोधता येण्यासारखं असताना, तसा प्रयत्न न करता ती स्वतःसाठी वापरली तर मात्र गुन्हा. त्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड आहे. मोबाईलच्या बाबतीत मालक शोधता येत नव्हता असं म्हणायला जागाच उरत नाही, कारण नंबर फोनवरच आहे. म्हणून आम्ही म्हणतो, उचलायला घाबरू नका, ठेवून घ्यायला घाबरा.

ठाण्यात जायचं म्हटलं की बायांच्या पोटात गोळा येतो, ते आम्हाला माहीत आहे. एकटीने जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघी चला. ठाणे अंमलदारांसमोर कागद ठेवा, बोला आणि पोच मागा. पोच न घेता फोन देऊ नका. आणि हेही माहीत असू द्या. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये हे लिहिलेलं आहे. आपण होऊन जाणं वेगळं, आणि ते गेलेलं बरंच.

एक सावधगिरी. "पोलीस स्टेशनमधून बोलतोय, तुमच्याकडे चोरीचा फोन आहे, पाच हजार पाठवा नाहीतर गुन्हा दाखल करतो," असा फोन आला तर एक रुपया पाठवायचा नाही. खऱ्या पोलिसाला फोन हवा असतो, फोन-पे नको असतं. ठाण्याचं नाव विचारा, ठेवून द्या, आणि आपल्या पोलीस पाटलांकडून खात्री करा.

आता दुसऱ्या बाईकडे वळू, जिचा स्वतःचा फोन परत आला. आपल्या बायांचा फोन हरवतो म्हणजे नुसता आठ-दहा हजारांचा डबा जात नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येतो. लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी केवायसी करायची तर आधारला जोडलेल्या नंबरावरच ओटीपी येतो. सचिवाचा फोन असेल तर गटाचे सगळे मेसेज, पावत्यांचे फोटो त्यात. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत किंवा भोकरदनच्या एसटीत चढताना पिशवीतून फोन गेला, तर त्या दिवशीच चार कामं करावी लागतात. बँकेला कळवायचं, त्याच नंबराचं नवीन सिम काढायचं, ठाण्यात गहाळ झाल्याची नाहीतर चोरीची नोंद करायची आणि फोन ब्लॉक करायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन.

ब्लॉकचा अर्ज संचार साथीच्या वेबसाईटवर भरतात, अ‍ॅपवरही भरता येतो. अ‍ॅप टाकणं सक्तीचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्यायचं फर्मान निघालं होतं, पण गदारोळ झाला आणि सरकारने ते मागे घेतलं. स्वतःला जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात किंवा ठाण्यात मदत मिळते. पोलीस तक्रारीची प्रत, आयएमईआय, बिल असेल तर बिल, ओळखपत्र आणि ओटीपी येण्यासाठी एक चालू नंबर लागतो. इथे बऱ्याच जणी अडकतात. नवीन सिम काढलं की पहिले चोवीस तास त्यावर मेसेज येत नाहीत, म्हणून ओटीपीही येत नाही. एक दिवस थांबा किंवा घरातल्या विश्वासाच्या माणसाचा नंबर द्या. पण ज्याचा नंबर द्याल तो लक्षात ठेवा, पुढे अनब्लॉक करताना ओटीपी त्याच नंबरावर येणार आहे. पुण्याला कामाला गेलेल्या भाच्याचा नंबर देऊन ठेवला आणि नंतर त्याने नंबरच बदलला, अशी अडचण होऊन बसते.

अर्ज भरला की एक रिक्वेस्ट आयडी मिळतो. तो जपून ठेवा. फोन परत चालू करायची किल्ली तीच आहे.

फोन सापडला की पोलीस मालकाला बोलावतात. नुसती गहाळची नोंद असेल तर बिल, खोकं, ओळखपत्र बघून, नंबर जुळवून फोन हाती देतात. आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्यांत पोलीस असे फोन कार्यक्रम ठेवून वाटतात, पेपरात फोटो येतात. चोरीचा गुन्हा दाखल झालेला असेल तर फोन मुद्देमाल होतो. मग न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनामा करून मिळतो, त्याला वेळ लागतो. तेव्हा तुमची तक्रार नेमकी कशी नोंदवली आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. खरोखर चोरी झाली असेल तर वेळ वाचवायला गहाळ लिहून घेऊ नका. पैसे काढले गेले असतील तर पुढे बँकेत तोच कागद दाखवावा लागतो.

फोन हातात आला, आनंद झाला, सिम घातलं, आणि रेंज नाही! घाबरू नका. फोन बिघडलेला नाही, तुम्हीच लावलेलं कुलूप अजून तसंच आहे. ते आपोआप उघडत नाही. संचार साथीच्या त्याच पानावर सापडलेला मोबाईल अनब्लॉक करण्याचा पर्याय आहे. तिथे रिक्वेस्ट आयडी टाकायचा, अर्जात दिलेला मोबाईल नंबर टाकायचा, अनब्लॉक का करायचं ते कारण निवडायचं, ओटीपी टाकायचा. झालं. मंजूर झाल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा. लगेच रेंज आली नाही तर अर्जाचं काय झालं ते तिथेच बघता येतं. ब्लॉक ठाण्यातून करून घेतला असेल तर अनब्लॉकही त्यांनाच करायला सांगा, आणि फोन घेतानाच सांगा, म्हणजे दुसरी खेप वाचते. फोन ठाण्यातून न येता कुणी घरी आणून दिला असेल, तरी तो मिळाल्याचं आधी ठाण्यात कळवा, मगच अनब्लॉक करा. नाहीतर त्यांच्या कागदात तुमचा फोन हरवलेलाच राहतो.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. फोन हातात यायच्या आधी अनब्लॉक करायचं नाही. "तुमचा फोन माझ्याकडे आहे, आधी चालू करा मग आणून देतो," असं कुणी म्हटलं तर तो देणार नाही. "तुमचा फोन सापडला, इथे दाबा" असा मेसेज लिंकसकट आला तर त्या लिंकला हात लावायचा नाही. लॉकचा आकडा आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो.

परत आलेला फोन मधल्या काळात कुणाच्या हातात होता कोण जाणे. त्यातले फोटो काढून घ्या आणि तो पुसून नव्याने सुरू करा, बँकेचं अ‍ॅप त्यानंतर टाका. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. एकदा बघून घ्या. न घेतलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

जुना फोन विकत घेणाऱ्यांसाठी थोडंसं. बाजारात दोन हजारांत टच फोन, बिल नाही, खोकं नाही, विकणारा दर आठवड्याला दिसत नाही. पैसे द्यायच्या आधी *#०६# करा आणि १४४२२ वर मेसेज टाका. काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं उत्तर आलं तर हात जोडा आणि पुढे चला. घेऊन झाल्यावर कळलं तर तो दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. चोरीचा आहे हे कळूनही जवळ ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे. कुणाकडून घेतला ते सांगून ठाण्यात जमा करा. पैसे बुडतील, हे खरं आहे. दुकानदार म्हणेल, "पाचशे द्या, नंबर बदलून देतो." दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे आयएमईआय बदलण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. त्या पाचशेत हे बसत नाही.

आता पुढच्या बैठकीचं काम. प्रत्येक सदस्याने आपल्या फोनवर *#०६# दाबायचं आणि सचिवाने गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यायचं. नाव, फोनची कंपनी, दोन्ही आयएमईआय, बिल आहे की नाही, आणि घरातल्या कुणाचा नंबर ओटीपीसाठी द्यायचा. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांचे शेजारणीने वाचायचे, दुसरीने पडताळायचे, कारण पंधरातला एकही आकडा चुकून चालत नाही. वीस मिनिटांचं काम आहे. फोन हरवल्यावर खोकं शोधत बसायला नको. बऱ्याच घरांत त्या खोक्यात आता सुया-दोरे असतात.